चंचल नातवाच्या निमित्ताने

रविवारच्या मिस्सेत धर्मगुरूंनी पवित्र भाकर उंचावली, घंटी वाजली आणि त्याच क्षणी माझा सात वर्षांचा नातू बाकाखालून सरपटत थेट वेदीच्या पायरीपाशी पोहोचला. मागून शब्द आले, “घरचं वळणच नाही!” सूनबाईंचे डोळे भरून आले. मी मान खाली घातली. तीस वर्षांच्या शिक्षकी पेशात अशी कितीतरी मुले मी बाकावर उभी केली होती आणि त्यांच्या आईवडिलांना हेच वाक्य ऐकवले होते.

बालरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितले की, हा खोडकरपणा नसून अतिचंचलतेचा विकार आहे. त्यांनी औषध सुचविले. मेंदूवर परिणाम करणारी गोळी एवढ्याशा लेकराला द्यायची, या कल्पनेनेच सूनबाई धास्तावल्या. अशातच कोणीतरी ‘न्यूरोफीडबॅक’ या उपचाराविषयी सांगितले. गोळी नाही, सुई नाही. केवळ चाळीस बैठका. मुलाने साठवलेले पैसे काढले आणि नातवाला आठवड्यातून दोनदा वसईहून लोकलने अंधेरीस नेण्याचे काम माझ्याकडे आले.

तेथे त्याच्या डोक्याला चिकट मलम लावून तारा बसवीत. समोरच्या पडद्यावर एक होडी असे. मेंदूतील संथ लहरी कमी होऊन जलद लहरी वाढल्या की होडी पुढे सरके. मन भरकटले की थांबे. मेंदूला त्याचीच हालचाल आरशासारखी दाखवायची आणि त्यातून त्याने स्वतःला आवरायला शिकायचे, असे हे तंत्र.

माझ्यातील शिक्षक गप्प बसेना. मी याविषयी वाचू लागलो. 1924 साली जर्मनीत हान्स बेर्गर यांनी मानवी मेंदूतील विद्युतलहरींचे पहिले आलेखन केले. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टरमन यांनी मांजरांना खाऊचे बक्षीस देऊन विशिष्ट लहरी निर्माण करायला शिकविले. पुढे त्याच मांजरांना झटके आणणारे विषारी रसायन दिले असता त्यांना झटके उशिरा आले. त्यातून अपस्माराच्या रुग्णांवर प्रयोग झाले आणि 1976 मध्ये टेनेसी विद्यापीठाचे जोएल लुबार यांनी एका अतिचंचल मुलावरील प्रयोग प्रसिद्ध केला.

विसाव्या बैठकीपर्यंत नातवात फरक दिसू लागला. तो जेवणाच्या ताटावर पूर्ण वेळ बसू लागला. आम्ही रोझरीत देवाचे आभार मानले.

पुढच्या भेटीत मी हे मोठ्या उत्साहाने बालरोगतज्ज्ञांना सांगितले. त्यांनी शांतपणे अमेरिकेतील एका चाचणीची माहिती दिली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत 7 ते 10 वर्षांची 144 मुले होती. काहींना खरा उपचार दिला, तर उरलेल्यांना आधीच मुद्रित केलेल्या, दुसऱ्याच कोणाच्या लहरींवर चालणारा खेळ दाखविला. कोणाला काय मिळाले, हे मुलांना, पालकांना वा शिक्षकांना ठाऊक नव्हते. दोन्ही गटांतील मुले सुधारली. परंतु अवधानाच्या मुख्य मोजमापात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

परतीच्या वाटेवर मला फसवले गेल्यासारखे वाटले. शेजारी नातू खिडकीबाहेर दिसणारे खाडीवरील पूल मोजत होता. एकाएकी मनात आले, होडी सरकली ती कशाने, हे मी सांगू शकत नाही. पण या मुलाला आठवड्यातून दोन दिवस पूर्ण दुपारभर कोणीतरी न रागावता सोबत केली होती. ठरलेली वेळ, लहानसे काम आणि जमताच शाबासकी त्याला मिळत होती. यांपैकी एकही गोष्ट मी माझ्या वर्गातील तशा मुलांना कधी दिली नव्हती.

आम्ही घरी बसून विचार केला आणि उरलेल्या बैठका थांबविल्या. बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली गोळी सुरू केली. भूक थोडी मंदावली, म्हणून मात्रा बदलावी लागली. शाळेतील बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसविले आणि मोठ्या कामाचे लहान तुकडे करून देण्याचे मान्य केले. आमची दुपार मात्र आम्ही मोडली नाही. आता आजोबा-नातू वाडीतल्या केळींना पाणी घालतो.

शुभवर्तमानात बालकांना अडविणाऱ्यांचा प्रसंग आहे. तो मी वर्षानुवर्षे धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकविला. प्रभू तेथे रागावले ते बालकांवर नव्हे, तर शिष्यांवर, हे माझ्या ध्यानात आता येत आहे.

नातू अजूनही मिस्सेत चुळबुळ करतो. फादरांनी त्याला गीतपुस्तके वाटण्याचे काम दिले आहे. ते तो धावतच करतो. परवा चर्चच्या आवारात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याला मी कितीदा बाकावर उभे केले असेल, याची गणती नाही. मी त्याची क्षमा मागितली. तो हसला, “सर, ते केव्हाच विसरलो,” म्हणाला आणि त्याने नजर दुसरीकडे वळविली.