खेतवाडीच्या पोटमाळ्यावरचा आत्मविचार

आत्मविचार म्हणजे 'मी कोण' या प्रश्नाचा शोध स्वतःच्या जाणिवेतच घेणे. देव, जग, पूर्वजन्म यांविषयीची मते या साधनेत बाजूला राहतात आणि ती मते बाळगणारा 'मी' तपासला जातो. मदुराईत चुलत्यांच्या घरी राहणाऱ्या एका शाळकरी मुलाला १८९६ मध्ये मृत्यूच्या अचानक भीतीने याच प्रश्नाशी आणून सोडले. हा मुलगा पुढे रमण महर्षी म्हणून ओळखला गेला. महर्षी त्यानंतर घर सोडून अरुणाचलाच्या पायथ्याशी गेले ते कायमचेच. मुंबईच्या खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांचे तसे झाले नाही. दुकान, बायको, चार मुले आणि गिरगावालगतची दाट वस्ती यांतच त्यांची साधना झाली. संसारी माणसाला त्यांचा अनुभव अधिक उपयोगी पडतो तो यामुळेच.

महाराजांचे मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी. जन्म १८९७ चा, मुंबईतला. बालपण आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कांदळगावी शेतीभातीत गेले. शालेय शिक्षण फारसे झाले नाही. वडील वारल्यावर तरुण मारुती पोटासाठी मुंबईला आला. काही काळ कारकुनी केली, मग स्वतःचे दुकान टाकले. तंबाखू, विड्या, लहान मुलांचे कपडे असा किरकोळ माल विकता विकता एकाची अनेक दुकाने झाली. १९२४ मध्ये सुमतीबाईंशी लग्न झाले. एक मुलगा आणि तीन मुली झाल्या. १९३३ मध्ये यशवंतराव बागकर या मित्राने त्यांना आपल्या गुरूंकडे, सिद्धरामेश्वर महाराजांकडे नेले.

सिद्धरामेश्वर महाराज सोलापूरकडच्या पाथरीचे, इंचगिरी संप्रदायाचे. उमदीच्या भाऊसाहेब महाराजांनी वाढवलेल्या या परंपरेत नामस्मरण आणि ध्यान यांवर भर होता. भाऊसाहेब महाराजांचेच दुसरे शिष्य, निंबाळचे गुरुदेव रानडे, नामाच्याच वाटेने गेले. सिद्धरामेश्वरांनी मात्र पुढे विवेकाला अग्रस्थान दिले. क्रमाक्रमाने चालणाऱ्या ध्यानाच्या वाटेला संप्रदायात पिपीलिका मार्ग म्हणतात आणि श्रवण-मननातून थेट स्वरूपाकडे नेणाऱ्या वाटेला विहंगम मार्ग. मुंगी झाडावर चढत फळापर्यंत पोचते, पक्षी उडून थेट फळावर बसतो. अर्थात विहंगम मार्गात कष्ट नाहीत असा याचा अर्थ घेणे चूक ठरेल. सिद्धरामेश्वरांनी स्वतः आधी वर्षानुवर्षे ध्यान केले होते.

गुरूंनी कांबळींना मंत्र दिला आणि एकच गोष्ट निक्षून सांगितली: तू स्वतःला जो समजतोस तो तू नाहीस, 'मी आहे' या जाणिवेला धरून राहा आणि आपण कोण ते शोधून काढ. कांबळींनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी गुरूंच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि रिकामा मिळेल तो वेळ त्या जाणिवेत बसण्यात घालवला. आपल्या साधनेचे वर्णन महाराज पुढे इतक्याच साधेपणाने करीत.

हे बसणे नेमके कसे असते ते जवळून पाहिले पाहिजे, कारण वर्णन सोपे असले तरी नवा साधक इथेच अडतो. डोळे मिटले की रस्त्यावरच्या फेरीवाल्याची हाक कानी येते. ऐकणारा 'मी' क्षणभर जाणवतो आणि लगेच मन उधारीकडे जाते: अमक्याने पैसे दिले नाहीत, तमक्याला उद्या द्यायचे आहेत. उधारी 'माझी', दुकान 'माझे', काळजी 'मला'. साधकाने उधारीचा विचार दडपायचा नसतो आणि सोडवायचाही नसतो. विचारातला 'माझे' गळू द्यायचा आणि त्याच्या मुळाशी जे नुसते असणे आहे तिथे परतायचे. आपण आहोत हे कळायला नाव, वय, जात, धंदा यांतले काहीच लागत नाही. गाढ झोपेतून जाग येते त्या पहिल्या क्षणी माणूस 'आहे' एवढेच असते, 'अमुक' नंतर होतो. या जाणिवेला रंगरूप नसल्यामुळे लक्ष तिच्यावर ठरत नाही, पुन्हा पुन्हा निसटते. निसटले हे ध्यानात येताच परत येणे, हीच सगळी साधना. मूर्तीवर किंवा श्वासावर चित्त एकाग्र करताना पाहणारा वेगळा आणि पाहण्याचा विषय वेगळा असतो. इथे पाहणाऱ्याकडेच पाहायचे असते.

बसण्याला श्रवणाची जोड होती. सिद्धरामेश्वर दासबोधाच्या आधाराने स्थूल, सूक्ष्म, कारण आणि महाकारण अशा चार देहांचे निरसन शिकवीत. हातापायांचा स्थूल देह दिसतो, म्हणून तो पाहणाऱ्याहून वेगळा. मन-बुद्धीचे व्यापारही कळतात, तेव्हा तेही वेगळे. त्यामागची काही न कळण्याची, निव्वळ विस्मरणाची अवस्था म्हणजे कारण देह. अनेक साधक या अंधारालाच समाधी समजून थांबतात, आणि हा धोका सिद्धरामेश्वरांनी फार स्पष्टपणे दाखवला आहे. त्यापलीकडे 'मी आहे' ही शुद्ध जाणीव, म्हणजे महाकारण. ज्या जाणिवेला धरून इथवर यायचे तीही शेवटी सोडायची असते; तीही येते-जाते, म्हणून ती अंतिम नाही. शांती हे या साधनेचे साध्य नाही हे इथे उघड होते. शांती वाटेत भेटते, आणि 'मला शांती मिळाली' म्हणणारा 'मी' उरला असेल तर विचार अजून पुरा झालेला नाही.

महाराजांनी स्वतः सांगितलेला अनुभव याच क्रमाने जातो. आधी शांतता, आनंद आणि सर्वांविषयी प्रेम जाणवू लागले. पुढे त्या जाणिवेत स्वतः, गुरू, जगत आलेले आयुष्य आणि भोवतालचे जग, सारेच मावळले आणि अथांग स्तब्धता तेवढी राहिली. गुरुभेटीपासून याला सुमारे तीन वर्षे लागली. १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये सिद्धरामेश्वरांनी देह ठेवला.

पुढच्याच वर्षी महाराजांनी घर आणि धंदा सोडला आणि ते भ्रमंतीला निघाले. या सगळ्या कथेत सर्वांत मोलाचे आहे ते त्यांचे परतणे. वाटेत एका गुरुबंधूशी बोलणे झाले, वैराग्यासाठी घर सोडावे लागत नाही हे पटले आणि १९३८ मध्ये ते मुंबईला आले. दुकानांपैकी एकच शिल्लक होते. तेवढ्यावर त्यांनी संसार चालवला आणि गेलेली दुकाने पुन्हा उभी करण्याच्या मागे लागले नाहीत. खेतवाडीतल्या घरात त्यांनी एक पोटमाळा बांधून घेतला होता. तिथेच ध्यान, भजन आणि पुढे येणाऱ्यांशी संवाद चाले.

या खोलीत गेलेल्यांना मंद हसणारा, हळू बोलणारा साधू भेटत नसे. महाराज तापट होते. आवाज चढवून बोलत, विडी ओढत आणि पुस्तकी प्रश्न घेऊन आलेल्याला खडसावत. मनःशांती म्हणजे सौम्य स्वभाव, ही सर्वसाधारण समजूत इथे टिकत नाही. स्वभाव देहाचा आणि संस्कारांचा, तो आपल्या चालीने चालतो. त्याच्याशी एकरूप होणारा कोणी उरला नाही, एवढाच शांतीचा अर्थ या परंपरेत आहे. पूर्ण ज्ञानानंतरही गुरूंच्या आज्ञेनुसार दिवसातून चार वेळा भजन होत राहिले. ज्ञानी माणसाला भक्तीची गरज नाही असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

मराठीत चाललेले हे संवाद ध्वनिमुद्रित झाले. मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याने त्यांचे इंग्रजी रूपांतर केले. ते स्वतः रमणाश्रमात राहून आलेले होते. 'आय ॲम दॅट' हे त्यांचे पुस्तक १९७३ मध्ये निघाले आणि खेतवाडीच्या जिन्यावर परदेशी साधकांची रीघ लागली.

१९८० मध्ये महाराजांना घशाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. बोलणे कष्टाचे झाले तरी निरूपण थांबले नाही. भाषा मात्र अधिक धारदार झाली. आता ते 'मी आहे' ही जाणीवही अन्नमय देहावर आलेली, काही काळापुरती गोष्ट म्हणून दाखवीत आणि ती नव्हती तेव्हा तुम्ही काय होता, असे विचारीत. ८ सप्टेंबर १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. जीन डन यांनी संपादित केलेल्या पुस्तकांत हे अखेरचे संवाद आहेत. ते आधीच्या संवादांनंतरच वाचावेत, कारण 'मी आहे' मध्ये काही काळ बसल्याशिवाय ते सोडण्याची भाषा नुसती शब्दांतच राहते.