ऑक्सिजन कमी पडला तर तंतुकणिका काय करते?

‘तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र’ हे एका गुणाचे उत्तर मुलांना तोंडपाठ असते. आठवीला पेशीअंगके शिकवताना मी पुढे एक प्रश्न जोडते: ऑक्सिजनच कमी पडला तर?

पेशीतला बहुतेक ऑक्सिजन तंतुकणिकाच खर्च करतात. पेशीत किती उरला, हे त्यांच्या खर्चावरही ठरतं. एचआयएफ नावाचे प्रथिन एरवी तयार होताच मोडले जाते. ऑक्सिजन घटला की ते टिकते आणि केंद्रकात जाऊन जनुके चालू करते. मग मूत्रपिंडातून ईपीओ हे संप्रेरक जास्त स्रवते, तांबड्या पेशी वाढू लागतात. तंतुकणिकांनाही निरोप जातो, ‘जरा काटकसर करा!’ पेशी ऑक्सिजन कसा ओळखते, या शोधासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

सुट्टीत विमानाने थेट लेहला जाताय? उंची सुमारे ३५०० मीटर. तांबड्या पेशी एका रात्रीत वाढत नाहीत. म्हणून पहिले दोन दिवस मुलांना विश्रांती द्या. डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणाली तर ‘नाटकं करू नकोस’ म्हणू नका. आणखी उंचावर न नेता डॉक्टरांना दाखवा.