रंग मेंढीचा

पट्टणकोडोलीच्या यात्रेत विठ्ठल-बिरदेवावर भंडारा उधळला की खांद्यांवरच्या काळ्या घोंगड्याही पिवळ्याधमक होतात. घोंगडीला बाहेरून लागणारा रंग एवढाच. हळदच ती, उन्हात टिकायची नाही. काही दिवसांत घोंगडी पुन्हा मूळ रंगावर येते.

तो मूळ रंग मेंढीचा. म्हसवडला एका सणगरमामांकडे घोंगडी सांगायला गेले, तेव्हा दुकानांच्या सवयीनं विचारून बसले, "रंग कुठले कुठले मिळतील?" मामा ताण्याला कुंच्यानं चिंचोक्याची खळ लावत होते. मान वर न करताच म्हणाले, "रंग आमी न्हाई देत ताई, मेंढरू देतंय." मग उठून त्यांनी लोकरीचा ढीग उसकटून दाखवला. मी ज्याला सरसकट काळा म्हणत होते, त्यात राखाडी होता, तांबूस होता, उन्हानं करपलेली तपकिरी टोकं होती. बाजूला फडक्यात बांधून ठेवलेलं जावळ, म्हणजे कोकराची पहिली कातरण, तेवढं काळंभोर आणि मऊ.

नंतरचे प्रश्न त्यांचे. अंथरायची का पांघरायची? एकटीला का दोघांना? किनारीला पांढरं घालू? लांबी त्यांनी स्वतःच्या हातानं मोजली. टेप खुंटीला होता, तो तिथंच राहिला. नवी घोंगडी टोचणार, हेही बजावून सांगितलं. खळीनं धागा ताठ होतो आणि दख्खनी लोकर मुळातच जाडीभरडी. ज्याला हे सोसत नाही, त्यानं खुशाल मेरिनोचा स्वेटर घ्यावा.

रंगाची हौस मी घरी भागवली. पांढऱ्या लोकरीची शाल, डाळिंबाच्या साली, तुरटी. सुतापेक्षा लोकर रंग चटकन धरते. पिवळा सुरेख चढला. लोखंडी कढईत उकळी आल्यावर त्याचा शेवाळी झाला. इथं थांबायला हवं होतं. मी ती वाफाळती शाल थेट नळाखाली धरली आणि खसाखसा चोळली. हातात उरला एक जाड, आखडलेला तुकडा. लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात. ऊन-गार पाणी आणि घासणी मिळाली की ते एकमेकांत अडकतात, मग सुटत नाहीत. जेन, म्हणजे लोकरीचं न विणलेलं जाड अंथरूण करणारे हेच मुद्दाम करतात, मागाशिवाय, ओली लोकर दाबून, लाटून. माझं जेन चुकून झालं. सध्या ते त्याच कढईखाली घालते.

मामांनी तारीख दिली नव्हती. रेंगाळलेल्या कामाला आपण भिजत घोंगडं म्हणतो. पण लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. घोंगडीच्या खोळीत मेंढका पावसाळा काढतो. मग ती वाळायला दोन दिवस जास्त घेईल, तर घेऊ दे.

परवा न राहवून फोन केला. "लोकर आली का मामा?"

"कुठली येतीय ताई," ते म्हणाले, "मेंढरं अजून कोकणात हायती."