चहा मारू या!

परवा लोंढा जंक्शनावर आम्ही गाडीची वाट पाहत बसलो होतो. मिरज-हुबळी मार्गापासून गोव्याची वाट येथेच फुटते. त्यामुळे मराठी, कोंकणी व कानडी येथे एकाच बाकावर बसतात. जवळच एका हमालाने ओझे उतरविले आणि तो सोबत्यास म्हणाला, "चल, एक चहा मारू!" आम्हांस हसू आले. बिचाऱ्या चहाने कोणाचे काय बिघडविले होते?

मौज अशी की, जपानातही हीच तऱ्हा आहे. ओसाकाकडील लोक थट्टेने 'चा शिबाकु' म्हणतात. 'शिबाकु' म्हणजे बडविणे. तेथे मधल्या वेळच्या खाण्यास 'ओयात्सु' म्हणतात. जुन्या गणनेप्रमाणे दुपारी दोनच्या सुमारास तेथे 'आठ' वाजत. त्या आठावरून हे नाव पडले. आपण तर त्याला थेट 'पोटपूजा' म्हणतो!

वाचकहो, असला शब्द एकट्याने उच्चारून भागत नाही. त्यास सोबती लागतो. हे ध्यानी येताच आमचे हसू मावळले. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घराची कौले बदलणारे गडी भर उन्हात छपरावर होते. चार वाजता आम्ही आत बसून चहा घेतला. त्यांस हाक मारावी, हे आम्हांस सुचले नाही.

इतक्यात तो हमाल आमच्याकडे वळला. "फादर, तुम्हीपण चला."

आम्ही उठलो. चहाचे पैसे मात्र त्याने आम्हांस देऊ दिले नाहीत.