कापरेकर गुरुजींचा ६१७४

बालमित्रांनो, आधी कागद-पेन्सिल घ्या. कोणतीही चार अंकी संख्या लिहा. फक्त चारही अंक सारखे नकोत. तेच अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. उत्तराचे पुन्हा तसेच करा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लिहा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येईल. त्यापुढे ७६४१ − १४६७ = ६१७४, म्हणजे पुन्हा तेच!

हा शोध १९४९ सालचा, आणि तो लावणारे द. रा. कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ × ३४३ = ६१७४. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना 'हर्षद' हे गोड नावही त्यांनीच दिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोचले.

माझी आणि ६१७४ ची भेट १९८४ च्या डिसेंबरातली. मी चौथीत होते. गॅसच्या रात्रीनंतर भोपाळच्या शाळा बंद होत्या, आणि आम्ही इंदूरला मावशीकडे गेलो होतो. आईचे डोळे सारखे पाणावत. मोठी माणसे हळू आवाजात बोलत. घरी कधी जायचे, हे विचारले तर कोणी उत्तर देत नसे. काकांचे शिक्षण नाशिकला झालेले. त्यांनी मला एक वही दिली आणि हा खेळ शिकवला. मी पानेच्या पाने भरली. त्या दिवसांत उत्तर ठरलेली तेवढी एकच गोष्ट होती.

एकदा हातचा चुकला म्हणून मी रडले. काका म्हणाले, "थांबू नकोस. पुढची वजाबाकी नीट कर." केली, आणि ६१७४ आलेच! मधली चूक म्हणजे फक्त दुसरी चार अंकी संख्या. तिथूनही वाट सहसा तिकडेच जाते.

बऱ्याच वर्षांनी मी १९८४ हेच लिहून पाहिले. ९८४१ − १४८९ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४. दोनच ओळी! मला रागच आला. आईचा खोकला कितीतरी वर्षे गेला नव्हता, आणि ते साल दोन ओळींत संपले. मग कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घेतले, तर त्याला पूर्ण सात पायऱ्या लागल्या. संख्येला आपले सुखदुःख ठाऊक नसते. तरी त्या डिसेंबरात तिने मला धीर दिला, हेही खरे.

आता माझी मुलगी याच शाळेत शिकते. हातचा चुकला की तिचेही डोळे भरून येतात. तेव्हा मी काकांचेच वाक्य तिला सांगते.

तुम्ही आपले जन्मसाल घेऊन बघा. किती पायऱ्या लागल्या, ते वर्गात बाईंना नक्की सांगा.