दोन दातांचा गृहस्थ

नामशेष झालेल्या प्राण्यांतही काही भाग्यवान असतात. डायनॉसॉरचेच पाहा. त्याच्यावर सिनेमे निघतात, मुलांच्या वह्यांवर त्याची चित्रे असतात. मला मात्र लळा लागला आहे तो डिप्रोटोडॉनचा. हे नाव प्रथम ऐकले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "हे कसले औषध?"

औषध नव्हे, ऑस्ट्रेलियात नांदून गेलेला एक प्राणी. त्या देशात आजही बिळे खोदून राहणारा वोंबॅट नावाचा गुबगुबीत जीव आहे. वजन असेल २५-३० किलो. डिप्रोटोडॉन हा त्याच्याच भाऊबंदांपैकी. पण खांद्याशी पुरुषभर उंच आणि वजनाला अडीच टनांहून अधिक! पोटाला पिशवी असलेल्या प्राण्यांत याच्याएवढा धिप्पाड दुसरा कुणी झालाच नाही. १८३८ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचे बारसे केले. नावाचा अर्थ काय, तर 'पुढे दोन दात असलेला'. एवढा थोरला देह, आणि नाव ठेवले ते दातांवरून! आमचे शाळेतले मास्तर मुलांना अशीच नावे ठेवीत.

स्वारी पाला-गवत खाऊन राहणारी, पावले आत वळवून चालणारी. त्याच्या एका दाताची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. जमिनीतले स्ट्रॉन्शियम चाऱ्यातून दातात उतरते आणि मुलखामुलखाची त्याची खूण वेगळी असते. वाढता दात म्हणजे जणू प्रवासाची रोजनिशीच. तीत असे दिसले, की हा प्राणी ऋतू पालटला की सुमारे २०० किलोमीटर दूर जाई आणि पुन्हा माघारी येई. हे वाचले आणि वळकट्या बांधून दर मे महिन्यात कोकणात निघणारे आमचे बिऱ्हाड माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

पण सगळेच प्रवास सुखरूप होत नाहीत. दक्षिण ऑस्ट्रेलियात कॅलाबोना नावाचे एक खारे, बहुधा कोरडेच असणारे सरोवर आहे. १८९३ साली अ‍ॅडलेडच्या म्युझियमने तेथे उत्खनन केले, तेव्हा या प्राण्यांचे कितीतरी सांगाडे सापडले. आटत्या तळ्यात ते शिरले असावेत, वरचा पापुद्रा त्यांच्या भाराने फुटला आणि पाय खाली चिखलात रुतले. एका मादीच्या पिशवीच्या जागी पिलाची हाडे होती. ज्या वजनामुळे कुणी तिच्या वाटेला जात नसेल, त्या वजनानेच तिला खाली ओढले. आणि पोटाशी धरलेले पिलूही तिच्याबरोबर गेले. ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवले.

सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी ही जात संपली. त्याआधीच माणूस त्या खंडावर पोहोचला होता. दोष माणसाच्या भाल्याचा की बदलत्या हवामानाचा, यावर शास्त्रज्ञांचे अजून भांडण आहे. मला एवढेच समजते, की असल्या अवजड प्राण्यांचा वंश हळू वाढतो. त्यांना संपवायला कत्तल लागत नाही. दरसाल जन्मापेक्षा मरण थोडे अधिक झाले, की पुरते. बँकेतल्या शिलकेचा हिशेब ठेवणाऱ्या कुणालाही हे पटेल.

आज क्वीन्सलंडमध्ये केसाळ नाकाच्या वोंबॅटची एक जात उरली आहे. तिचे अवघे काही शेकडा जीव. त्यांच्या रानाला कुंपण घातले आहे आणि त्यांची मोजदाद होते. थोरला गेला तेव्हा मोजणारे कुणी नव्हते. धाकट्याच्या वेळी निदान मोजणारे तरी आहेत!