टुरिनमधली ती पत्रकार

मिलानचं ऑफिसचं काम शुक्रवारी संपलं आणि अख्खा शनिवार हातात उरला. बरोबरची मंडळी शॉपिंगला पळाली. मी ट्रेन पकडली आणि तासाभरात टुरिन गाठलं. कारण एकच, दारिया निकोलोदी!

कोण ही? सांगते. इटलीत १९२९ पासून रहस्यकथा पिवळ्या कव्हरात निघू लागल्या, म्हणून तिथल्या थरारपटांना नाव पडलं 'जाल्लो', म्हणजे पिवळा. दारिओ अर्जेंतोच्या 'प्रोफोन्दो रोस्सो' (१९७५) या गाजलेल्या जाल्लोत दारिया पत्रकार झाली. हीरोशी पंजा लढवून त्यालाच हरवणारी, खटारा फियाट बिनधास्त पळवणारी. बघताक्षणी आपण फिदा!

सिनेमातली गोष्ट घडते रोममध्ये, पण तो रात्रीचा सुनसान चौक आहे टुरिनचा, पियाझ्झा सीएलएन. दोन जुळी कारंजी, एक पो नदीचं, एक दोराचं. इथला झगमगता बार शोधू नका. एडवर्ड हॉपरच्या 'नाइटहॉक्स' चित्रावर बेतलेला तो निव्वळ सेट होता. नदीपलीकडच्या टेकडीवर मात्र १९०२ची व्हिला स्कॉट आजही दिमाखात उभी आहे. खासगी आहे, फाटकातूनच बघायची.

परत येऊन कारंज्यापाशी टेकले. पुढची गोष्ट मला जास्त टोचते. आजीच्या तोंडून ऐकलेल्या किश्श्यावरून दारियाला 'सुस्पिरिया' (१९७७) सुचला. पटकथेवर अर्जेंतोबरोबर तिचं नाव लागलं, पण मुख्य भूमिका गेली जेसिका हार्परकडे. 'इन्फर्नो'च्या (१९८०) कथेतही तिचा हात होता. तिथे मात्र लेखिका म्हणून नावच नाही! एका नावासाठी झगडून ती थकली होती, पुन्हा भांडायचं त्राण नव्हतं. २०२० मध्ये, सत्तराव्या वर्षी, ती रोममध्ये गेली.

मिलानच्या प्रेझेंटेशनमधल्या निम्म्या स्लाइड्स माझ्या होत्या. नाव फक्त बॉसचं. तिथेच बसून त्यांना तीन ओळींचा मेल लिहिला, पण 'सेंड' दाबवेना.

संध्याकाळी मोले आंतोनेल्लियाना गाठलं. या उंच मनोऱ्यात सिनेमाचं राष्ट्रीय म्युझियम आहे. काचेची लिफ्ट म्युझियमच्या मधोमध वर सरकते, पाय लटपटतात. वर पोचले, खाली अख्खं टुरिन दिवे लावत होतं. डोळे मिटले आणि बटण दाबलं.

उत्तर अजून आलेलं नाही. पण रात्रीच्या ट्रेनमध्ये मला मस्त झोप लागली.